बघायला काय पैसे पडतात?

"बघायला काय पैसे पडतात का?" असं आपण सहज बोलून जातो. बाजारात भांड्याच्या दुकानापुढं उभं राहतो, कळशी हातात घेतो, उलटीपालटी करतो, बोट वाकडं करून वाजवून बघतो, आणि दुकानदार वैतागला की हे वाक्य त्याच्या तोंडावर फेकून पुढं सरकतो. घेतलं तर पैसे, खाल्लं तर पैसे, नुसतं बघितलं तर काही नाही. डोळ्यानं वस्तू झिजत नाही, असं आपण धरून चाललेलो असतो.

हे खरं आहे का? २०२५ सालच्या श्रावणात चार दिवस गाडीतून फिरलो तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यात भुंग्यासारखा फिरतोय. पुरता सुटलाय असं म्हणत नाही. निम्मा सुटलाय, तेवढा लिहून ठेवतो.

मी माण तालुक्यातला. आमचा मुलूख पावसाच्या सावलीतला. दुसऱ्याच्या नावचं टपाल घेऊन चालल्यासारखे ढग आमच्या डोक्यावरून निघून जातात. वर्षात पाचशे मिलिमीटर पडला तर त्या सालाला आम्ही चांगलं साल म्हणतो. बाजरी, ज्वारी, मटकी, थोडं सूर्यफूल, चार शेरडं आणि अलीकडं डाळिंबाची दोनशे झाडं, असा माझा संसार. दहावीला शाळा सुटली ती सुटली. थोरला मुलगा ठाण्याला नोकरीला आहे. त्यानं गाडी घेतली आणि फोन केला, "आबा, आईला घेऊन या. चार दिवस नुसतं फिरू. देव नाही, लग्न नाही, काम नाही. नुसतं बघत जायचं."

फोन ठेवल्यावर आमची मंडळी म्हणाली, "काम न्हाय, देव न्हाय, मग जायाचं कशाला?"

तिचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. आम्ही दोघं जन्मात फिरलो नाही असं नाही. पंढरीला चालत गेलो, लग्नांना गेलो, मयतीला गेलो, दवाखान्याला पुण्यामुंबईला गेलो, बैल घ्यायला म्हसवडच्या जत्रेला गेलो. पण प्रत्येक वेळी जाण्याला कारण होतं आणि टोकाला कुणीतरी माणूस होता. रस्त्यातला मुलूख त्या कारणाच्या आड दडलेला. रस्त्यासाठीच रस्त्यावर जायचं, ही गोष्ट आम्हाला नवी होती.

ठरलेली वाट अशी. ठाण्याहून नाशिकच्या रस्त्यानं शहापूर, कसारा घाट, इगतपुरी, घोटी, तिथून भंडारदरा. तिथं दोन रात्री. मग राजूर, अकोले, कोतूळ, ब्राह्मणवाडा, ओतूर करत जुन्नर. तिसरी रात्र जुन्नरला. चौथ्या दिवशी नाणेघाट बघून माळशेज घाटानं मुरबाड, कल्याण आणि परत ठाणे. गाडीत मुलगा, सूनबाई, दहा वर्षांची नात आणि आम्ही दोघं.

समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा त्याच सालच्या जूनमध्ये सुरू झाला होता. इगतपुरीजवळ त्याला जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा आहे. मुलगा म्हणाला, "तिकडून गेलो तर घाट कधी आला नि गेला कळणारसुद्धा नाही. पण आपण जुन्या घाटानं जाऊ, बघायला मिळेल." तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की बघणं ही आता वेगळी सोय झालीय. ज्याला पोचायचंय त्यानं डोंगराच्या पोटातून जावं, ज्याला बघायचंय त्यानं डोंगराच्या अंगावरून.

शहापूरच्या पुढं गेल्यावर दोन्ही बाजूंना हिरवं झालं. मुलगा गाडी चालवता चालवता सांगत होता. मुंबईला पाणी देणारे सात तलाव आहेत, त्यातले तानसा, मोडक सागर, भातसा हे याच डोंगरपट्ट्यात. तानसा तर १८९२ सालचा. आमची मंडळी काचेला नाक लावून बसली होती. ती एकदम म्हणाली, "मग हितल्या बायांची पाण्याची चंगळच आसंल."

मुलगा गप्प झाला. मग म्हणाला, "नाही आई. उन्हाळ्यात शहापूरच्या कितीतरी पाड्यांवर टँकर लागतो."

त्यानंतर घाट चढेपर्यंत ती काही बोलली नाही. कसाऱ्याला धुकं उतरलं होतं. सूनबाईनं काच खाली करून फोटो काढले, नातीनं हात बाहेर काढून पाऊस धरला. मलाही बरं वाटत होतं, खोटं का सांगू? आमच्याकडं डोंगर उघडे, हाडं निघाल्यासारखे. हे डोंगर घोंगडी पांघरून बसल्यासारखे दिसत होते. पण ही मात्र मागच्या सीटवर टँकरच्या रांगेतच उभी होती, हे मला दिसत होतं. तिची निम्मी उमर पाण्याच्या मागं गेली. तिला पाणी दिसलं की पहिला विचार येतो, हे कुणाला मिळतं?

भंडारदऱ्याला एका महादेव कोळी कुटुंबानं पाव्हण्यांसाठी दोन खोल्या काढल्या होत्या, तिथं उतरलो. समोर धरणाचा जलाशय, पलीकडं डोंगरांची रांग. प्रवरा नदीवरचं हे धरण १९२६ साली पुरं झालं. त्याला विल्सन धरण म्हणतात. नुकतीच शंभरी गाठायला आलेलं हे धरण उत्तर नगर जिल्ह्यातल्या बऱ्याच भागाला पाणी देतं. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय. संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरीकडचे ऊस याच पाण्यावर उभे राहिले. मागच्या अंगाला महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, कळसूबाई, १६४६ मीटर. रतनवाडी-घाटघर भागाला तर लोक नगर जिल्ह्याचं चेरापुंजी म्हणतात. आमच्या गावात दहा वर्षांत पडतो तेवढा पाऊस तिथं एखाद्या सालात पडून जातो.

रात्री जेवताना आमच्या मंडळींनी घरातल्या बाईला विचारलंच, "माय, उन्हाळ्यात पाणी कुठनं आणता?"

बाई भाकरी थापत होती. ती हसली. म्हणाली, "समोर दिसतं तेवढं सगळं खालचं हाये. आमच्या वाडीची विहीर चैतात तळाला जाती. मंग झऱ्यावर. पहाटं नंबर लावायचा."

"इतकं पाणी समोर आसून?"

"बघाया लई हाये," बाई म्हणाली.

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. पण मला वाटतं, या सगळ्या प्रवासात ऐकलेलं सगळ्यात जड वाक्य हेच. सूनबाई जेवायची थांबली. तिनं दुपारी याच पाण्याचे चाळीस फोटो काढले होते. ती वाईट मुलगी नाही. पण शहरातून येणाऱ्याला पाणी दिसतं ते काठापासून, आणि डोंगरावरच्या बाईला दिसतं ते हंड्यापासून. एकाच पाण्याला दोघी बघतात, आणि दोघींचं बघणं एकमेकींना माहीत नसतं.

त्या घरचा कर्ता माणूस काजव्यांचं सांगत होता. पावसाळ्याच्या तोंडावर, मे-जूनमध्ये, तिकडं हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर लाखो काजवे येतात. आख्खं झाड उजळतं, विझतं, उजळतं. ते बघायला पुण्यामुंबईहून गाड्यांच्या रांगा लागतात. तो म्हणाला, "काजवा चमकतो तो जोडीदारासाठी. गाडीच्या लाइटात त्याचा लाइट कुणाला दिसणार? आन् मादी बसती खाली गवतात. तिथं माणसं उभी." मग थोडं थांबून म्हणाला, "पण खरं सांगू का पाव्हणं, त्या पंधरा दिवसांतच माझ्या घराचे पत्रे झाले."

म्हणजे डोळ्यानं वस्तू झिजत नाही हे खोटं ठरलं. आणि बघणारे आले नाहीत तर बरं, हेही खोटं ठरलं. मी त्या रात्री पत्र्यावरचा पाऊस ऐकत पडलो होतो. तो पत्रा काजव्यांच्या पैशाचा होता.

दुसऱ्या दिवशी रतनवाडीला गेलो. तिथं अमृतेश्वराचं जुनं दगडी मंदिर आहे, कोरीव कामाचं, आणि तिथूनच वर रतनगडाची वाट जाते. त्या डोंगरातच प्रवरेचा उगम. मंदिर बघून परत येताना समोरून एक मोठी गाडी आली. रस्ता अरुंद. मुलानं गाडी बाजूला घेतली, आणि डाव्या अंगाची दोन्ही चाकं रस्त्याची कड सोडून खाली गेली. खाली भाताचं खाचर होतं. चाकानं खाचराचा बांध फुटला.

मुलानं खाली उतरून आधी गाडी बघितली. मी बांध बघितला. यात माझं शहाणपण काही नाही, ज्याची त्याची नजर. लावणी होऊन महिना झालेला, रोपं तरारलेली, खाचरात वितीएवढं पाणी. ते पाणी भसाभस खालच्या खाचरात उतरत होतं. आमच्याकडं बांधाला ताल म्हणतात. ताल फुटली की काय होतं हे मला ठाऊक आहे. वरचं पाणी खालच्या तालीवर पडतं, ती फुटते, मग तिच्या खालची. एका चाकानं उतरंडीतली चार खाचरं रिकामी होऊ शकतात, आणि वर्षभर जमवलेली मऊ माती ओढ्याला जाते.

वरून एक म्हातारा पळत आला. डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद, हातात फावडं. मला वाटलं, आता हा शिव्या देणार. तो आमच्याशी एक शब्द बोलला नाही. सरळ चिखलात उतरला आणि भगदाडात दगड टाकायला लागला. मी चपला काढल्या, धोतराचा काचा वर खोचला आणि खाली उतरलो. तो दगड लावायचा, मी गवतासकट ढेपळं काढून द्यायचो. मग चिखल, मग झाडाची डहाळी, परत चिखल. अर्धा तास लागला. पाणी थांबलं तेव्हा त्यानं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "शेती करता?"

"करतो."

"भात?"

"न्हाय बाबा. आमच्याकडं पाऊसच न्हाय. बाजरी."

मग त्यानं हाळी दिली. शेजारच्या खाचरात खत टाकत असलेली चार पोरं आली आणि गाडी उचलून वर ठेवली. मुलानं पाकिटातून पाचशेची नोट काढून पुढं केली. म्हातारा मागं सरकला. म्हणाला, "गाडी उचलल्याचं पैसं नको. आज घेतलं तं उद्या ही पोरं गाडी कवा अडकती याचीच वाट बघत बसतील."

मुलानं नोट तशीच धरली होती. त्याला काय करावं कळेना. तेव्हा म्हातारा एका पोराकडं बोट करून म्हणाला, "ह्यो मात्र दुसऱ्याच्या कामावर हाये. त्याचा मालक त्याचा येळ कापून घेईल. त्याचे शंभर रुपये तेवढे द्या."

"आणि बांधाचं?"

"बांध तुमच्या वडलांनी लावला का मंग."

मुलानं शंभर रुपये त्या पोराला दिले. म्हाताऱ्यानं चहाला बोलावलं, पण अंधार पडायला लागला होता. निघालो.

त्या म्हाताऱ्याचा हिशेब मी नंतर कितीतरी वेळा मनात मांडून बघितला. त्यानं तीन गोष्टी वेगळ्या केल्या होत्या. अडलेल्याला हात देणं ही पहिली, ती विकायची नाही. पोराची बुडालेली मजुरी ही दुसरी, ती भरून द्यायची, त्यात लाजायचं नाही, घासाघीस नाही, आणि जादाही घ्यायचं नाही. फुटलेला बांध ही तिसरी. तो पैशानं भरायचा नव्हता, चिखलात उतरून भरायचा होता. माझा मुलगा चांगल्या पगारावर आहे, चांगला माणूस आहे. पण त्याच्याकडं या तिन्ही गोष्टींना एकच उत्तर होतं, पाचशेची नोट. त्याला मी दोष देत नाही. शहरात सगळ्या गोष्टींना तेच उत्तर चालतं. घाईच्या जगात ते सोयीचंही आहे. पण त्या नोटेनं उपकाराचा धंदा झाला असता, मजुराचं नुकसान म्हाताऱ्याच्या खिशात गेलं असतं, आणि बांध फुटलेलाच राहिला असता.

तिसऱ्या दिवशी अकोले सोडून कोतूळच्या बाजूला लागलो. अकोले तालुक्यातच कोंभाळणे गाव आहे. तिथल्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाणं जपलं, म्हणून सरकारनं त्यांना पद्मश्री दिली. रस्त्यावरून जाताना त्या डोंगरात कुणाच्या मडक्यात, कुणाच्या टोपलीत काय जपून ठेवलंय हे काय दिसतं? दिसतो तो नुसता हिरवा रंग. आम्ही त्याला एकच नाव देतो, हिरवळ. त्या हिरवळीत भात वेगळा, नागली वेगळी, वरई वेगळी, खुरासणी वेगळी, आणि प्रत्येकीच्या मागं वाकलेली पाठ वेगळी.

रस्ता मोकळा होता. दोन्ही बाजूंना झाडं. मुलगा म्हणाला, "काय झकास रस्ता आहे!"

आमची मंडळी म्हणाली, "कुणी खडी फोडली आसंल?"

नातीला कळलं नाही. मग मी तिला १९७२ च्या दुष्काळाचं सांगितलं. मी तेव्हा अकरा वर्षांचा. आमच्या भागातले कितीतरी रस्ते आणि पाझर तलाव त्या दुष्काळी कामावर झाले. माझी आई रस्त्याच्या कडेला बसून खडी फोडायची. उन्हाला आडोसा म्हणून लुगड्याचा पदर. कामावर सुकडी वाटायचे, ती आई स्वतः न खाता पदरात बांधून आणायची. तो रस्ता पुढं डांबरी झाला. आता त्याच्यावरून गाड्या ऐंशीच्या वेगानं जातात. त्यातला कुणी म्हणत असेल, काय झकास रस्ता आहे. म्हणू दे. रस्ता चांगला झाला याचं आईलाही बरंच वाटलं असतं. पण माझ्या मनात येतं, आपण ज्याच्यावर बसून बघतो तो रस्तासुद्धा कुणाच्या तरी भुकेनं बांधलेला असू शकतो. बघणारा स्वतः कशावर उभा आहे हे त्याला सहसा दिसत नाही. पायाखालचं कुणाला दिसतं?

पूर्वी चालणाऱ्याला हे दिसायचं. आळंदीहून पंढरपूरला वारी जाते, अडीचशे किलोमीटरच्या आसपास. वारकरी गावागावातून जातो. त्याला पाणी लागतं, सावली लागते, रात्री पडायला ओसरी लागते, पायाला फोड आला तर तेल लागतं. गरज लागली की माणूस भेटतो, माणूस भेटला की गाव कळतं. गाडीत सगळं सोबत असतं. पाण्याच्या बाटल्या, बिस्किटं, गाणी, वाट दाखवणारा फोन. कुणाला वाट विचारायची गरज नाही. ज्याची आपल्याला गरज नाही तो माणूस आपल्याला चित्रातल्यासारखा दिसायला लागतो. आमची गाडी अडकली नसती तर तो म्हातारा माझ्याही डोळ्यांना असाच दिसला असता, हिरव्या खाचरात निळा कागद पांघरून उभा असलेला एक ठिपका. फोटो चांगला आला असता.

चौथ्या दिवशी सकाळी जुन्नरहून नाणेघाटाला गेलो. दोन हजार वर्षांपूर्वीची वाट. सातवाहनांच्या काळात कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरावरचा माल बैलांच्या, गाढवांच्या पाठीवर याच खिंडीतून जुन्नरला चढायचा. खिंडीजवळच्या लेण्यात नागनिका राणीचा ब्राह्मी लिपीतला शिलालेख आहे. आणि घाटाच्या तोंडाशी आहे एक भला मोठा दगडी रांजण. लोक सांगतात, तो जकातीचा रांजण. घाट चढून येणाऱ्यानं त्यात नाणी टाकायची.

मी त्या रांजणापाशी बराच वेळ उभा राहिलो. आत पावसाचं पाणी आणि कुणीतरी टाकलेली वेफर्सची पिशवी होती. ती काढून मी गाडीत ठेवली. जकात कुणाला आवडते? मलाही नाही आवडत, बाजार समितीच्या दारात पट्टी फाडताना पोटात दुखतंच. पण घाटाला रांजण असणं यात एक विचार दिसतो. ही वाट आपोआप झालेली नाही. दरड काढायला, पायऱ्या नीट ठेवायला, चोराचिलटापासून राखायला इथं कुणीतरी राबतं. तू इथून जातोस, म्हणजे तुझ्यापायी थोडं झिजतं. तेवढं इथं टाकून जा. त्या म्हाताऱ्यानं मागितलेले शंभर रुपये याच जातीचे. बघण्याची किंमत नको, झिजल्याची भरपाई हवी, आणि ज्याचं झिजलं त्याच्या हातात हवी.

हे आजच्या काळात जमत नाही असं नाही. आमच्याच जिल्ह्यात कास पठार आहे. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर त्याला जागतिक वारशाचा मान मिळाला. त्या आधीपासूनच फुलं बघायला एवढी झुंबड उडायची की फुलांवरच माणसं बसायची. मग तिथं शुल्क बसवलं, दिवसाला किती माणसं सोडायची याला मर्यादा घातली, आणि राखणीच्या कामात आजूबाजूच्या गावांना घेतलं. त्या गावच्या पोरांना हंगामात काम मिळतं आणि फुलं पुढच्या सालाला उरतात. सगळं आलबेल आहे असं नाही. कुंपण असावं का नसावं यावर आमच्याकडं पुष्कळ वाद झाले. पण रांजण पुन्हा बसवता येतो, एवढं तरी कळलं.

तरी सगळ्याचा हिशेब रांजणात बसत नाही. माळशेज उतरताना हे मला फार जाणवलं. डोंगरावरून शेकडो धबधबे कोसळत होते. काही तर वाऱ्यानं उलटे वर उडत होते. नात टाळ्या वाजवत होती. माझे डोळे भरून आले. तेवढं पाणी मी जन्मात पडताना बघितलं नव्हतं. त्याच वेळी मनात माळीण आलं. ते तिथून डोंगरांपलीकडं, आंबेगाव तालुक्यात. ३० जुलै २०१४ ला सकाळी असाच पाऊस होता. डोंगर खाली आला आणि गाव गाडलं गेलं. दीडशेवर माणसं गेली. आम्ही टाळ्या वाजवतो तो पाऊस, आणि डोंगराखालच्या घरात रात्रभर जागून ऐकतात तो पाऊस एकच. मग टाळी वाजवणं पाप आहे का?

मला तसं वाटत नाही. नातीचा आनंद खरा होता. आनंदाला मी खोटं म्हणणार नाही, आणि डोंगराखालचे लोक तरी म्हणतील का? त्यांनाही पाऊस आवडतो. शेतकऱ्याला सुंदर काही दिसत नाही, त्याला फक्त पीक दिसतं, असं शहरातली माणसं समजतात. ते साफ चुकीचं आहे. ज्वारी निसवायला लागली की ही माझी मंडळी संध्याकाळी तालीवर जाऊन उगीच उभी राहते. विचारलं तर म्हणते, "बघती." तिच्या बघण्यात पाखरांची काळजी असते, भावाची काळजी असते, आणि तरी ते बघणं असतंच. काळजी सोडून बघणं तेवढं आम्हाला जमत नाही. आणि काळजीसकट बघणं पाव्हण्याला जमत नाही, कारण त्याला तिथं राहायचंच नसतं.

यावर मला एकच उपाय दिसतो, आणि तो पैशाचा नाही. तो आमच्या मंडळींनी पहिल्या रात्रीच केला होता. तिनं विचारलं, उन्हाळ्यात पाणी कुठनं आणता? विचारल्यानं त्या बाईच्या दारात नळ आला नाही. धरणाचं पाणी वर चढलं नाही. ते वर चढवायचं काम सरकारचं आहे आणि त्या पाण्यावर जगणाऱ्या शहरांचंही आहे. पण निघताना त्या बाईनं हिला ओंजळभर नागलीचं बी बांधून दिलं, आणि हिनं पिशवीतल्या मटकीतलं निम्मं काढून दिलं. ज्यांनी विचारलं नसतं त्यांना ही गाठ पडली नसती.

आता दुसरी बाजू. माझं सूर्यफुलाचं रान सातारा-पंढरपूर रस्त्याला लागून आहे. फुलं डोळ्यावर आली की गाड्या थांबतात. माणसं उतरतात, रानात शिरतात, फुलांत उभी राहून फोटो काढतात. काही जण फूल मोडतात. शेजारचा म्हणतो, पाटी लाव, माणशी वीस रुपये घे. दुसरा म्हणतो, काटेरी झाप लाव, कुणाला येऊ देऊ नको. मी अजून दोन्ही केलेलं नाही. वीस रुपये घ्यायला लागलो तर मीही गाडी कधी थांबते याची वाट बघत बसेन, ही म्हाताऱ्याची भीती मला खरी वाटते. आणि झाप लावला तर ज्या पोरीनं माळशेजला टाळ्या वाजवल्या तिच्यासारख्याच दुसऱ्या पोरीला मी अडवल्यासारखं होईल.

आमच्याकडं जुनी रीत आहे. दुसऱ्याच्या रानातून जायचं तर बांधावर उभं राहून हाळी द्यायची, "कोण हाय का रानात?" आतून कुणी "हाय, या" म्हटलं की जायचं. कुणी नसलं तर पिकाला पाय न लावता कडेकडेनं जायचं. हाळी दिल्यानं रान आपलं होत नाही, पण ते कुणाचं तरी आहे हे आपल्या तोंडातून निघतं. मला बघणाऱ्यांकडून एवढंच पाहिजे. गेल्या हंगामात एक गाडी थांबली, एक म्हातारा माणूस खाली उतरला, आणि रानात पाऊल टाकायच्या आधी त्यानं मोठ्यानं विचारलं, "मालक, आत येऊ का?" मी विहिरीपाशी होतो. म्हणालो, "या की. सरीतनं या, फुलं वाकवू नका." तो सरीतनं आला. फोटो काढायच्या आधी त्यानं विचारलं, "औंदा भाव काय?" मग आम्ही पाऊण तास भावाचंच बोलत बसलो.